न दाखवलेला खड्डा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या बहिणीला मी सगळं सांगते — सगळं म्हणजे अगदी सगळं — तिलाही नाही. चार वर्षं झाली. एकदोनदा अगदी जिभेवर आलेलं. पण दर वेळी तोंडातून दुसरंच काहीतरी निघालं. पंखा वाढवू का, पाणी हवंय का, असलं काहीतरी. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसणं जमेना म्हणून. नक्की काय ते मलाही माहीत नाही.

आधी मी कोण ते सांगते. उशीर करतेय असं वाटेल तुम्हाला. करतेच आहे.

मी वैशाली. फिजिओथेरपिस्ट आहे, डोंबिवली पूर्वेला माझं छोटं क्लिनिक आहे. दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, भिंतीला लावलेल्या दोरीच्या कप्प्या. पस्तिशी ओलांडल्यावर मला ट्रायथलॉनचं वेड लागलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. पोहणं लहानपणापासून येत होतं. पळणं मेहनतीने जमवलं. अडायचं ते सायकलवर. पाण्यातून मी पहिल्या पाचात बाहेर यायचे आणि सायकलवर माझ्या बाजूने बायका भराभरा निघून जायच्या.

ट्रायथलॉनमध्ये सायकल एकट्याने चालवायची असते. पुढच्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशाने गेलात तर दंड होतो. डोकं खाली, नजर समोर. मागे कोण आहे, आहे की नाही, याच्याशी तुमचा काही संबंध नाही. मला ते आवडायचं, खरं सांगायचं तर. पण एकटीने चालवून चालवून मी जिथे होते तिथेच राहिलेले. मग एका ओळखीच्या कोचने सांगितलं, वर्षभर नुसत्या सायकलच्या रेस कर. घोळक्यात चालवायला शीक, वेग आपोआप येईल.

अशी मी साळवी काकांकडे गेले.

साळवी काका तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. मानपाड्याला एका कारखान्यात टर्नर होते, लेथ मशीनवर. गाव लांज्याकडचं, पण सगळा जन्म डोंबिवलीत गेलेला. बारीक अंगाचे, आवाज मात्र असा की पुढच्या चौकातला रिक्षावाला वळून बघेल. तरुणपणी त्यांनी खूप रेस मारलेल्या. आता दर रविवारी पहाटे सवापाचला मानपाड्याच्या सर्कलला आठ-दहा जण जमायचे आणि काका त्यांना घेऊन शीळफाट्यापर्यंत, नाहीतर काटईहून बदलापूरच्या रस्त्याला जायचे. सगळ्यांकडे कार्बनच्या महागड्या सायकली. काकांची लोखंडी, वीस वर्षं जुनी, अर्धे पार्ट त्यांनी स्वतःच घासूनपुसून बसवलेले.

पहिल्या दिवशी मी इतकी घाबरलेले की पुढच्या सायकलपासून दोन सायकलींचं अंतर ठेवून चालवत होते. काका मागे आले, एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि चालत्या सायकलवरून मला हळूच पुढे ढकललं. "जा अजून जवळ. घाबरतेस कशाला, मी आहे ना."

घोळक्यात चालवायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला हवं. पुढच्याच्या चाकामागे एक वीतभर अंतरावर तुमचं चाक असतं. तो वारा अंगावर घेतो, तुम्हाला निम्मी मेहनत पडते. मग तुम्ही पुढे जायचं, त्याला आडोसा द्यायचा. पण मागे असताना तुम्हाला रस्ता दिसत नाही. फक्त एक पाठ दिसते. म्हणून पुढच्याने दाखवायचं असतं. खड्डा उजवीकडे असेल तर उजवा हात खाली, बोट रस्त्याकडे, आणि ओरडायचं, "खड्डा!" मग मागचा तेच करतो, मग त्याच्या मागचा. ते बोट नाही दिसलं, तर समोरचा रस्ता साफ आहे असं मागचा धरून चालतो. धरून चालावंच लागतं. दुसरा इलाजच नसतो.

मला ते शिकायला तीन महिने लागले. हँडलवरून हात काढायची भीती वाटायची. एकदा एक खड्डा दाखवायचा राहिला, काहीच झालं नाही, मागचा कसाबसा वाचला. पण काकांनी सगळ्यांना थांबवलं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "मॅडम, एकटं चालवायचं असेल तर एकटं चालवा. त्यात काय वाईट नाही." ते मला एरवी अगं-तुगं करायचे. त्या दिवशी मॅडम म्हणाले. मला घरी जाऊन रडू आलं.

त्यानंतर मी एकही खड्डा सोडला नाही. गटारांची झाकणं, खडी, पाण्याचे टँकर सांडून झालेला चिखल — सगळं दाखवायचे. एवढं ओरडायचे की लोक हसायचे.

हे एवढ्यासाठी सांगतेय की, मला माहीत नव्हतं असं म्हणायला माझ्याकडे जागा नाही.

तर ती रेस. वर्षातली माझी पाचवी. ठाण्याच्या बाहेर, खाडीच्या बाजूच्या एका नव्या रस्त्यावर. तीस किलोमीटर जायचं, तीस परत यायचं. माणसं कमी होती म्हणून बायका आणि पन्नाशीच्या वरचे पुरुष यांना एकत्र सोडलेलं, नंबर वेगळे. म्हणजे काका आणि मी एकाच घोळक्यात, पण एकमेकांविरुद्ध नाही. उलट सुटायच्या आधी काका म्हणालेले, "माझं जमलं तर बघतो, नाहीतर शेवटी तुझ्यासाठी येतो."

त्या रेसमध्ये जे झालं ते मी सगळ्यांना असं सांगितलंय: शेवटच्या चार किलोमीटरमध्ये मी पुढे होते. वेग खूप होता. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खणून बुजवलेला, त्याची माती एका बाजूला खचलेली. तिथे इशाऱ्यासाठी ठेवलेला शंकू आडवा होऊन कडेला पडलेला. मला तो चर दिसलाच नाही, नशिबाने मी एक हात डावीकडून गेले. मागे काका होते, त्यांचं पुढचं चाक त्यात गेलं. ते पडले. त्यांच्यावर मागून येणारी केतकी, रेसमधलीच, पडली. मला आवाज आला, पण काय झालं ते कळलं नाही, म्हणून मी थांबले नाही.

ऐकायला ठीक वाटतं ना? सगळ्यांना ठीक वाटलं. ग्रुपमधला एक जण तर म्हणाला, ट्रायथलॉनवाल्यांना सवय नसते, त्यात तिची चूक नाही. माझ्या वतीने लोकांनीच कारण शोधून दिलं. 

आता खरं सांगते.

चर मला दिसला होता. वीस-पंचवीस मीटर आधी दिसला. त्या वेगाला म्हणजे दोन सेकंद, फार तर सव्वादोन. कमी वाटतात? हात खाली न्यायला अर्धा सेकंद लागतो. ओरडायला तर तेवढाही नाही. मी त्या दोन सेकंदांत बाकी सगळं केलं. पुढे कुठून जायचं ते ठरवलं, अंग सैल सोडलं, हँडल हळूच डावीकडे नेलं. कुणाला कळणार नाही इतकं हळू.

का? केतकीमुळे.

केतकी ठाण्याची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वळल्यापासून पंचवीस किलोमीटर ती माझ्या मागे बसून होती. एकदाही पुढे आली नाही. मी वारा खायचा, मी ओढायचं, आणि शेवटच्या दोनशे मीटरला ही ताज्या पायांनी बाजूने निघून जाणार. हे नियमात बसतं, बरं का. त्यात गैर काहीच नाही. पण माझ्या डोक्यात आग लागलेली. मी कोपराने खूण केली, पुढे ये. नाही आली. पुन्हा केली. हसली ती. मी वळून बघितलं तेव्हा हसत होती. आता वाटतं, दमून तोंड वेडंवाकडं झालेलं असेल तिचं. तेव्हा मला हसूच दिसलं.

आणि चर दिसला तेव्हा मनात आलं — हिला का दाखवू?

बस. एवढंच आलं मनात. ती पडावी असं नव्हतं. धक्का बसेल, ब्रेक दाबेल, चार सायकलींचं अंतर पडेल, मी सुटेन. असं काहीतरी. नीट विचार असा नव्हताच. पण होता.

इथे थांबले तरी चाललं असतं. चार वर्षं मी स्वतःपुरतं इथेच थांबत होते. केतकीला दाखवायचा नव्हता, आणि दुर्दैवाने काका मध्ये आले, असं. असं म्हटलं की गुन्हा अर्धा होतो. नाही का?

पण काका मध्ये आलेत हे मला माहीत होतं.

चर दिसायच्या जरासंच आधी मागून त्यांचा आवाज आलेला. "आहे गं मी मागे. जा तू." तोच आवाज, पुढच्या चौकातल्या रिक्षावाल्याला ऐकू जाणारा. स्वतःची रेस सोडून ते मला मदत करायला आलेले. माझ्या आणि केतकीच्या मध्ये शिरलेले, म्हणजे शेवटी ते जरा मागे राहिले की तिच्यात आणि माझ्यात अंतर पडेल. मी ते ऐकलं. मला बरंही वाटलं, इतकं बरं वाटलं! आणि मग चर दिसला. मागे काका आहेत, त्यांच्यामागे केतकी आहे, हे दोन्ही मला त्या क्षणी ठाऊक होतं. ओरडले तर काका वाचतील आणि केतकीही वाचेल. आणि मी काय ठरवलं माहितीये? काका जुने खेळाडू आहेत, ते सांभाळतील.

हे शब्द माझ्या मनात आले. भास नाही, नंतर रचलेलं नाही. ते सांभाळतील. आणि मी हँडलवरची पकड घट्ट केली.

आवाज कसा असतो सांगू? आधी एक ठक्. मग काहीच नाही. मग लोखंड रस्त्यावर घासत जातं तो आवाज, आणि केतकीची किंकाळी. काका ओरडले नाहीत. मी मागे बघितलं नाही. मी गिअर बदलला. पाय असे चालत होते की आयुष्यात कधी चालले नव्हते. बायकांमध्ये मी पहिली आले. रेषा ओलांडताना दोन्ही हात वर केले. त्याचा फोटो आहे.

काकांचं उजवं मनगट मोडलेलं. आतली हाडं तीन ठिकाणी. पुढचा एक दात गेला, गालाची साल निघाली. केतकीचा गुडघा सोलवटला, बाकी ती ठीक होती. मी गळ्यात मेडल घालूनच ॲम्ब्युलन्सजवळ गेले. काढायचं सुचलं नाही. काका आत आडवे होते, हात फळीला बांधलेला. मला बघून म्हणाले, "आलीस ना पहिली?" मी मान हलवली. मग म्हणाले, "तुलापण दिसला नाही ना गं?"

त्यांनी प्रश्नच असा विचारला की उत्तर त्यातच होतं. मी फक्त ते उचललं.

"नाही काका."

"मग बरोबर. मीच फार चिकटलेलो. अंतर ठेवायला हवं होतं."

मनगटात प्लेट टाकली. प्लॅस्टर निघाल्यावर व्यायामासाठी ते कुठे येणार? माझ्याकडेच. आठवड्यातून तीनदा, साडेचार महिने. हिरव्या पडद्याच्या आड मी त्यांचं मनगट हातात धरून बसायचे. वर, खाली, आत, बाहेर. त्यांच्या कपाळावर घाम यायचा, पण ते ग्रुपच्या गोष्टी सांगत राहायचे. फोटो त्यांच्याच आग्रहाने मी भिंतीवर लावला. "अगं लाव की, पेशंटना पण हुरूप येईल." त्या फोटोसमोर बसून ते रबरी चेंडू दाबायचे.

मला माझ्या कामातलं कळतं. दुसऱ्या महिन्यातच कळलेलं की मूठ पूर्वीसारखी होणार नाही. रोजचं काम होईल, चहाचा कप धरता येईल, सायकलचं हँडलही धरता येईल थोडा वेळ. पण लेथवर केसाएवढा फरक हाताला कळावा लागतो. तो हात गेला. हे मी त्यांना सांगितलं — ते मात्र सांगितलं. कारखान्यातून त्यांना स्टोअरला बसवलं. "पंख्याखाली खुर्ची आहे," काका म्हणाले, "नट-बोल्ट द्यायचे, सही घ्यायची. मजा आहे." एकतीस वर्षं त्यांनी लेथ चालवलेलं. मजा आहे म्हणताना ते चेंडू दाबत होते आणि चेंडू दबत नव्हता.

शेवटच्या दिवशी काकू आलेल्या. नारळ, ब्लाउजपीस, तांदूळ घेऊन. क्लिनिकमध्येच मला खुर्चीवर बसवून त्यांनी माझी ओटी भरली. म्हणाल्या, "मुलीसारखं केलंत हो तुम्ही ह्यांचं." मी वाकून नमस्कार केला. तुम्ही सांगा, त्या वेळी मी काय करायला हवं होतं? — नाही, राहू दे. काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी नमस्कार केला आणि पदरात नारळ घेतला.

त्यानंतर काका घोळक्यात कधी आले नाहीत. एकटे जातात अधूनमधून, शहाडच्या पुलापर्यंत, सावकाश. पण रविवारी पहाटे मानपाड्याला ते असतातच. स्कूटरवर येतात आणि नवीन लोकांना शिकवतात. मी आता ग्रुपमधल्या जुन्यांपैकी. सायकल सुधारली माझी, ट्रायथलॉनमध्ये दोनदा नंबर आला. काका नव्यांना हात कसा दाखवायचा ते सांगतात, ओरडायचं कसं ते सांगतात, आणि मग दर वेळी — दर वेळी — बाही वर करून मनगटावरचा व्रण दाखवतात. "हे बघा. माझी चूक. पुढच्याच्या फार जवळ गेलेलो. तीस वर्षं चालवून पण चुकलो, तुम्ही तर नवीन." लोक व्रणाकडे बघतात, माना हलवतात. मी बाजूला सायकलचं चाक तपासत उभी असते. चाकात काही झालेलं नसतं.

गेल्या महिन्यात प्रणाली नावाची एक मुलगी आली. तिशीची, कल्याणला एका शाळेत शिकवते. तीही ट्रायथलॉनवालीच, सायकलवर कमी पडते म्हणून आलेली. काकांनी बाही वर केली, सगळं सांगितलं. इतर जण ऐकून घेतात. हिने विचारलं. शिक्षिका ना.

"काका, पण तुमच्या पुढे कोण होतं?"

मी खाली बघत होते. काका हसल्याचं ऐकू आलं. "ही काय, ही उभी आहे! फर्स्ट आलेली त्या दिवशी आमची वैशाली." अभिमानाने सांगितलं त्यांनी. त्याच हाताने माझ्याकडे दाखवलं.

प्रणाली माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत संशय वगैरे काही नव्हता. तिला शिकायचं होतं, एवढंच. "ताई, मग तुम्हाला पण नव्हता दिसला?"

आठ माणसं उभी होती. दिवस उजाडत आलेला. एक टँकर गेला, त्याच्या आवाजात दोन-चार सेकंद तसेच गेले. वेळ होता माझ्याकडे. या वेळी भरपूर वेळ होता. केतकी नव्हती, वेग नव्हता, पुढे कुठली रेषा नव्हती.

"नाही गं," मी म्हणाले. "दिसला असता तर ओरडले नसते का?"

हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी स्वतःहून जोडलं. हसून.

काका म्हणाले, "तेच तर. हिच्यासारखी ओरडणारी आख्ख्या डोंबिवलीत नाही." सगळे हसले. प्रणालीने मान हलवली, तिला पटलं. काकांनी बाही खाली केली आणि डाव्या हाताने बटण लावायला लागले. ते पटकन लागेना. मी पुढे होऊन लावून दिलं, आणि ते मला थँक्यू म्हणाले.

  मग आम्ही निघालो. शीळफाट्यापर्यंत जाऊन आलो, नाश्ता केला, दहा वाजता मी क्लिनिक उघडलं.

काका उद्या परत तिथे असतील. उद्या तीन जण नवीन यायचेत. ते बाही वर करतील आणि "माझी चूक" असं सांगतील. चूक त्यांची नव्हती.